पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे फोटो : रॉ फाइल उघडण्यापासून गटात दाखवण्यापर्यंत

गेल्या सप्टेंबरात रतनगडावर काढलेला एक फोटो मी आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटात दाखवला. पुढे सोनकीने पिवळा झालेला उतार, मध्ये कारवीची गर्द झुडपे आणि मागे धुक्यात अर्धे बुडालेले नेढे, म्हणजे कातळाला पडलेले आरपार भोक, असा तो फोटो होता. त्यावर मी दोन तास बसून काम केले होते. गटातल्या एका ताई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "अरे, सोनकीच्या पाकळ्यांवरच्या रेघा कुठे गेल्या? आणि त्या दिवशी गडावर एवढं लख्ख होतं का?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. रेघा मूळ फाइलमध्ये होत्या, त्या मी रंग वाढवताना घालवल्या होत्या. लख्ख मुळीच नव्हते, ते धुके मी पुसले होते. पावसाळ्यातले आपले बहुतेक फोटो याच दोन ठिकाणी बिघडतात. त्या दिवशी समोर जो प्रकाश होता तो आठवून, त्याच्या दिशेने फाइल नेणे म्हणजे संपादन, असे मी आता मानतो. तीच फाइल मी पुन्हा पहिल्यापासून कशी केली, ते या लेखात क्रमाने सांगतो. मी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर वापरत असाल तरी टप्पे तेच राहतात, फक्त पट्ट्यांची नावे बदलतात.

कॅमेऱ्यातच ठरणाऱ्या गोष्टी

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढावा, हे पहिले. जेपेगमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्या मिळतात, 12 बिटच्या रॉमध्ये 4,096 आणि 14 बिटमध्ये 16,384. धुक्याचा फोटो म्हणजे जवळजवळ सारख्याच करड्या छटांची एक लांब उतरंड असते. अशा उतरंडीला जेपेगमध्ये जरा ताण दिला की तिचे पट्टे पडतात. आजकाल अनेक फोनमध्येही प्रो मोड असतो आणि तिथे रॉची, म्हणजे बहुधा डीएनजी फाइलची सोय असते. फोनचे नेहमीचे जेपेग धुक्यासाठी विशेष वाईट पडते, कारण फोन स्वतःच प्रत्येक कोपऱ्यातला कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवतो आणि मग मऊ धुके कापसाच्या गुठळ्यांसारखे दिसू लागते.

दुसरी गोष्ट एक्सपोजरची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे असल्याचे धरून चालतो. धुके त्याहून उजळ असते, त्यामुळे मीटरवर विसंबले तर धुके मळकट येते. पाऊण ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वर घ्यावा आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा पाय भिंतीला टेकत नाही ना, एवढे पाहावे. मात्र चौकटीत पिवळी किंवा जांभळी फुले मोठ्या संख्येने असतील, तर तीनही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम पाहावा. एकत्र आलेख सुरक्षित दिसत असतानाही लाल वाहिनी एकटीच पुढे जाऊन उडालेली, म्हणजे कमाल मर्यादेला टेकून तपशील हरवलेली, असू शकते.

ओल्या पानांवरची चकाकी नंतर काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पोलरायझर (भिंगापुढे लावायचा फिल्टर) फिरवला की कारवीच्या पानावरची पांढरी तकाकी जाते आणि खालचा खरा हिरवा दिसतो. त्यासाठी एक ते दोन स्टॉप प्रकाश गमवावा लागतो. संपादनात ती पांढरी तकाकी फक्त करडी करता येते, तिच्याखालचा रंग आणता येत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नसतो.

पडदा आणि खोली

कामाला बसण्यापूर्वी लॅपटॉपचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करावा. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून अंधाऱ्या खोलीत काम केले की डोळ्यांना सगळेच उजळ वाटते, आपण फोटो नकळत गडद करतो आणि दुसऱ्या दिवशी फोनवर पाहिला की तो काळवंडलेला दिसतो. खोलीत दिवा असावा. पडद्यावरचा कोरा पांढरा भाग त्याच दिव्याखाली धरलेल्या कागदाइतपत उजळ दिसावा. मोजण्याचे यंत्र नसले तरी एवढ्या काळजीने पुष्कळ काम भागते.

पाया : भिंग, एक्सपोजर आणि पांढऱ्याचा तोल

डार्कटेबलमध्ये लाइटटेबल नावाच्या दालनात फोटो निवडायचे आणि डार्करूम नावाच्या दालनात त्यांवर काम करायचे, अशी रचना आहे. मूळ रॉला ते हात लावत नाही. आपण केलेला प्रत्येक बदल शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये नोंदला जातो, त्यामुळे निर्धास्तपणे प्रयोग करावेत.

सुरुवातीला लेन्स करेक्शन चालू करावे. वाइड भिंगाचे कोपरे काळवंडलेले असतात, आणि धुक्याच्या सपाट करड्या भागात तो काळपटपणा सर्वांत आधी खुपतो. त्यानंतर एक्सपोजर. इथे आकाशाकडे किंवा काळ्या कपारीकडे न पाहता फोटोचा जो मुख्य विषय आहे त्याच्याकडे पाहून पट्टी सरकवावी. माझ्या फोटोत तो विषय म्हणजे सोनकीचा उतार होता आणि तो नीट दिसायला अर्धा स्टॉप पुरला. धुके अजून फार उजळ आहे किंवा सावल्या फार गडद आहेत, याची काळजी या टप्प्यावर करायची नाही. त्यासाठी पुढचे साधन आहे.

पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स), म्हणजे उजेडाची झाक काढून पांढरे पांढरे दिसेल अशी रंगांची जुळणी, मात्र सवड काढून साधावा. ढगाळ उजेडाचे रंग-तापमान (ते जितके जास्त, तितका उजेड निळसर) साधारण 6,500 केल्विनच्या आसपास असते, झाडाखालच्या सावलीत ते आणखी वर जाते, आणि चारही बाजूंनी गवत असेल तर त्या गवतावरून उसळलेला हिरवा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर, पांढऱ्या कुर्त्यावर, कातळावर पडलेला असतो. स्वयंचलित तोल यांपैकी एखादी गोष्ट हमखास चुकवतो. मी कातळाचा आधार घेतो. ओला बसाल्ट जवळजवळ रंगहीन काळपट करडा असतो. कलर कॅलिब्रेशन या साधनातला रंग उचलणारा ड्रॉपर त्याच्यावर, शेवाळ नसलेल्या जागी, ठेवला की बऱ्यापैकी विश्वासार्ह सुरुवात मिळते. डार्कटेबलमध्ये व्हाइट बॅलन्सची वेगळी पट्टीही आहे, पण ती कॅमेऱ्याच्या संदर्भमूल्यावर तशीच सोडून बदल कलर कॅलिब्रेशनमध्येच करावेत. दोन्हीकडे ओढाताण केली की रंग कुठून बिघडला ते सापडत नाही.

ड्रॉपरने आलेले उत्तर अंतिम मानू नये. कातळाच्या हिशेबाने धुके पूर्ण करडे झाले तर दृश्य बेचव होते. रतनगडावर त्या सकाळी धुके किंचित निळसर होते, हे मला पक्के आठवते, कारण आम्ही त्र्यंबक दरवाज्यातून वर आलो तेव्हा सोबतच्यांच्या पांढऱ्या रेनकोटांवरही तीच झाक होती. म्हणून मी तोल थोडा थंड, म्हणजे निळसर, बाजूला परत नेला.

धुके

आता मुख्य मुद्दा. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये धुके हटवणारी एक पट्टी असते. डार्कटेबलमध्ये तिचे नाव हेझ रिमूव्हल आहे. अशी अनेक साधने एका साध्या गृहीतकावर चालतात. स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोच्या कोणत्याही लहान तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एक रंग कुठेतरी बराच गडद असतो. तसा तो नसेल, तर त्या तुकड्यावर पसरलेला उजळपणा हवेचा आहे असे समजून ते साधन तो वजा करते. उन्हाळ्यातल्या धुरकट शहराच्या फोटोला हे गृहीतक लागू पडते. पावसाळी धुक्यात मात्र ते कोसळते, कारण तिथे धुके हाच विषय असतो आणि त्या तुकड्यात धुक्याशिवाय काही नसते. साधन तरीही वजाबाकी करत राहते. त्यातून कड्याच्या कडेला काळसर किनार येते, धुक्यात डाग पडतात आणि मागच्या डोंगराचा रंग शाईसारखा निळा होतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेढ्याभोवती नेमके हेच झाले होते.

त्याऐवजी टोन इक्वलायझर वापरावा. त्यात उजेडाचे नऊ पट्टे असतात आणि प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, उजळ असतो. पद्धत अशी. आधी त्याचा मुखवटा, म्हणजे कोणत्या भागावर किती बदल होणार ते ठरवणारा थर, उघडून पाहावा, म्हणजे फोटोची एक मऊ करडी आवृत्ती दिसते. कड्याची कडा त्यात शाबूत आणि आतला बारीक पोत पुसट असावा. हे जमले नाही तर पुढचे सगळे काम कृत्रिम दिसते, म्हणून इथे दहा मिनिटे गेली तरी चालतील. मग फोटोवर माऊस नेऊन धुक्याच्या सर्वांत उजळ भागावर थांबावे आणि चाक किंचित खाली फिरवावे. मी तिथे एक तृतीयांश स्टॉप कमी केला. त्यानंतर कारवीच्या झुडपांवर थांबून पाव स्टॉप वर नेला. बस्स, एवढेच. दोन्ही टोके फार जवळ आणली की दृश्याची खोली जाते आणि सगळे एकाच अंतरावर उभे असल्यासारखे वाटते.

धुक्यात जवळचे गडद व रंगीत आणि लांबचे फिके व करडे दिसते. अंतर आपल्याला कळते ते याच फरकावरून. त्यामुळे लांबच्या डोंगराला स्पष्ट करण्याचा मोह होईल तेव्हा उलट करून पाहावे, म्हणजे जवळच्या वस्तूला थोडे बळ द्यावे. मी पुढच्या उतारावर हाताने मुखवटा आखला, त्याची कड भरपूर मऊ ठेवली आणि फक्त तिथे लोकल कॉन्ट्रास्ट, म्हणजे शेजारशेजारच्या उजेड-सावलीतला फरक, थोडा वाढवला. नेढ्याला हात लावला नाही. तरीही नेढे आधीपेक्षा अधिक उठून दिसू लागले, कारण त्याच्यापुढे आता खरेच काहीतरी जवळचे उभे होते.

शेवटी सिग्मॉइड. रॉमधला मोठा प्रकाशपल्ला पडद्याच्या छोट्या पल्ल्यात बसवण्याचे काम हे साधन करते. धुक्याच्या फोटोला त्यातला कॉन्ट्रास्ट मूळ मूल्यापेक्षा थोडा कमी ठेवावा. शुद्ध काळा रंग फोटोत असलाच पाहिजे, असा एक समज आहे. पावसाळी सकाळी गडावर शुद्ध काळे काहीच नसते.

हिरवा आणि पिवळा

आपल्या भाषेत हिरव्याला पोपटी, शेवाळी, गवती, गर्द अशी किती नावे आहेत, आणि सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाची तीव्रता बदलणारी, पट्टी त्या सगळ्यांना एकाच मापाने ढकलते. ऑगस्टमधल्या कोवळ्या गवताचा पोपटी आधीच तेजस्वी असतो, त्याला आणखी ढकलले की तो प्लास्टिकच्या हारासारखा दिसतो. कातळावरच्या शेवाळाला मात्र थोडी मदत लागते. म्हणून संपूर्ण फोटोची सॅच्युरेशन पट्टी मी आता वापरतच नाही.

डार्कटेबलच्या 4.8 या आवृत्तीपासून कलर इक्वलायझर नावाचे साधन आले आहे. त्यात प्रत्येक रंगछटेची छटा, गडदपणा (म्हणजे सॅच्युरेशन, काळेपणा नव्हे) आणि उजेड वेगवेगळा बदलता येतो. हिरव्यासाठी मी तीन गोष्टी करतो. पिवळसर हिरव्याचा गडदपणा थोडा कमी करतो, शुद्ध हिरव्याचा उजेड किंचित उतरवतो आणि छटेला शक्यतो हात लावत नाही. छटा निळीकडे नेली की सह्याद्रीचे गवत युरोपातल्या कुरणासारखे दिसू लागते. ते सुंदर दिसेलही, पण ते आपल्या डोंगरावरचे गवत राहत नाही.

आता ताईंच्या रेघांकडे. सोनकीची जी पाकळी आपण म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्वतंत्र एक फूल असते, आणि तिच्यावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या नाजूक रेघा असतात. त्या दिसतात त्या पिवळ्याच्या उजेडातल्या अगदी थोड्या फरकामुळे. पडद्यावर तीव्र पिवळा दाखवायचा म्हणजे लाल वाहिनी 255 च्या जवळ आणि निळी वाहिनी शून्याच्या जवळ. आपण पिवळा आणखी वाढवला की लाल वरच्या भिंतीला आणि निळा खालच्या भिंतीला टेकतो. तीनपैकी दोन वाहिन्यांत फरक दाखवायला जागाच उरत नाही. फूल मग रंगाच्या डबीत बुडवून काढल्यासारखे सपाट दिसते. तेरड्याच्या गुलाबी-जांभळ्या गालिच्यांचेही असेच होते, फक्त तिथे टेकणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असतात.

उपाय असा. क्लिपिंग, म्हणजे वाहिनी भिंतीला टेकल्याचे, दाखवणारी खूण चालू करावी आणि ती फक्त उजेडाची नव्हे तर रंगाचीही मर्यादा दाखवेल अशी ठेवावी. फोटो शंभर टक्क्यांवर नेऊन एका फुलावर थांबावे. पिवळ्याचा उजेड आधी कमी करावा, गडदपणा नंतर. उजेड थोडा उतरला की लाल वाहिनी भिंतीपासून सुटते आणि रेघा परत येतात. तेवढ्याने भागले नाही तरच गडदपणा कमी करावा. पिवळा आता फिका वाटेल, पण त्याच्या शेजारचा हिरवा आपण आधीच उतरवलेला असल्यामुळे पूर्ण फोटोत तो पुरेसा पिवळा दिसतो. माझ्या फाइलमध्ये पिवळ्याचा उजेड जेमतेम दहा टक्के उतरवावा लागला. एवढ्याशा बदलाने प्रत्येक फूल पुन्हा मोजता येऊ लागले.

बारीकसारीक

भिंगावरचे पाण्याचे थेंब धुक्याच्या भागात मऊ वर्तुळांसारखे दिसतात. ते रिटच साधनाने शेजारचे धुके आणून झाकावेत. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 1600 च्या पुढे असेल तर डीनॉइजमध्ये रंगीत ठिपके काढावेत आणि उजेडाचा दाणा थोडा राहू द्यावा, कारण धुक्यातला दाणा पूर्ण घासला की तिथे मेणासारखा गुळगुळीतपणा येतो. क्षितिज सरळ करताना दूरच्या डोंगराच्या उतारावर न जाता भंडारदऱ्याच्या जलाशयासारखी पाण्याची रेघ किंवा एखाद्या दरवाज्याची उभी कड धरावी. शार्पनिंग फक्त जवळच्या वस्तूंवर करावे.

हे सगळे झाल्यावर फाइल बंद करून एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे ताजे असताना पाहिले की जास्त झालेली गोष्ट पहिल्या दोन सेकंदांत कळते. मी बहुतेक वेळा सगळे बदल तीस टक्क्यांनी मागे घेतो.

गटात दाखवण्यासाठी फाइल

पडद्यावर पाहण्यासाठी लांब बाजू 2048 पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता 90 आणि रंगपट (कलर स्पेस) एसआरजीबी, एवढे पुरते. रंगपट चुकून दुसरा राहिला तर काही फोनवर हिरवा मेलेला दिसतो आणि लोक फोटोला नावे ठेवतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आणखी दाबला जातो आणि धुक्यात चौकोनी ठिपके पडतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा पोहोचतो.

दाखवणे आणि पाहणे

फोटो एकमेकांना दाखवून त्यांच्या तंत्राची चर्चा करण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मुंबईत 1854 मध्येच छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. साधने बदलली, पण कामाचा मूळ प्रश्न तोच आहे. जे डोळ्यांनी पाहिले ते दुसऱ्याला नीट दिसते का?

त्याचे उत्तर मिळवायचे असेल तर फक्त अंतिम फोटो टाकून भागत नाही. आमच्या गटात आता आम्ही प्रत्येक फोटोसोबत तीन गोष्टी देतो. कॅमेऱ्यातून थेट आलेले जेपेग, मुख्य बदलांचे दोन-तीन ओळींत वर्णन, आणि स्वतःला पडलेला एक नेमका प्रश्न. 'कसा वाटला?' असे विचारले की 'मस्त' एवढेच उत्तर येते. 'डाव्या बाजूच्या कारवीत पोत कमी पडतोय का?' असे विचारले की लोक खरोखर डावी बाजू मोठी करून पाहतात. डार्कटेबल वापरणाऱ्यांना रॉ आणि सोबतची एक्सएमपी फाइल दिली तर ते आपले सगळे टप्पे जसेच्या तसे उघडून, एकेक साधन बंद-चालू करून पाहू शकतात. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही. आकाश बदलले असेल, दोन फोटो जोडले असतील किंवा एखादी वस्तू काढून टाकली असेल, तर ते स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही, पण न सांगणे ही पाहणाऱ्याची फसवणूक आहे.

मत देणाऱ्यानेही तेवढीच मेहनत घ्यावी. आधी फोटो काय सांगतो आहे ते स्वतःच्या शब्दांत मांडावे, मग जागा दाखवावी, मग उपाय सुचवावा. ताईंनी माझ्या फोटोत नेमक्या पाकळीवर बोट ठेवले, म्हणून मला काय शोधायचे ते कळले. 'रंग जास्त झालेत' असे त्या म्हणाल्या असत्या तर मी सगळेच रंग कमी केले असते आणि रेघा तरीही परत आल्या नसत्या.

फुलांच्या फोटोंबाबत आणखी एक काळजी घ्यावी. सोनकी आणि तेरडा सगळीकडे असतात, पण खर्चुडीसारखी दुर्मीळ कंदीलपुष्पे काही मोजक्याच पठारांवर आणि कड्यांवर उरली आहेत. नेमकी जागा कळली की तिथे गर्दी होते, गुडघ्यांखाली शेजारची रोपे चिरडली जातात आणि कधी कंदच उपटून नेला जातो. फोनने काढलेल्या फोटोत आणि जीपीएस असलेल्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये ती जागा अक्षांश-रेखांशासह लिहिलेली असू शकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते, म्हणजे ही माहितीही तिच्यासोबत जाते. म्हणून एक्स्पोर्ट करताना मेटाडेटाच्या (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीच्या) पर्यायात जाऊन जिओ टॅगची, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीची, खूण काढावी, रॉ फाइल देताना ती कोणाला देतो आहोत हे पाहावे, आणि फोटोखाली ठिकाण लिहिताना पठाराचे नाव न देता फक्त जिल्ह्याचे नाव द्यावे.